वळिवडे कॅम्प: सोव्हिएत कैदेतून सुटलेल्या पोलिश लोकांना आसरा कसा मिळाला?

मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावरच्या वळिवडे गावाजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात छोटं पोलंडच वसलं होतं. १९४३ ते १९४८ या काळात इथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यात बहुसंख्य महिला आणि मुलं होती.

त्यांचा गुन्हा काय होता?

काहीच नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत संघाने पूर्व पोलंड ताब्यात घेतला. पुढच्या दोन वर्षांत लाखो लोकांना घरातून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात पाठवण्यात आलं. बहुतेकांवर खटलाही चालला नव्हता.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. मग मॉस्कोने लंडनमधल्या पोलिश सरकारशी करार करून या लोकांना सोडलं. गुन्हा नसतानाही कागदावर शब्द होता 'माफी'.

सुटल्यावर कुठे गेले?

घरं आता जर्मनीच्या ताब्यात होती. १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक आणि नागरिक इराणमध्ये पोहोचले. तिथून निर्वासितांना भारत, पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड अशा ठिकाणी पाठवण्यात आलं.

वळिवड्यात बराकींबरोबर पोलिश शाळा, चर्च आणि दवाखानाही होता. खर्च पोलिश सरकार करत होतं. आजारी मुलांना साताऱ्यातल्या पाचगणीच्या थंड, कोरड्या हवेत ठेवलं जाई.

युद्धानंतर परत का गेले नाहीत?

अनेकांची गावं आता सोव्हिएत संघात गेली होती. त्यामुळे कॅम्प बंद झाल्यावर बरेच जण ब्रिटन, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत स्थायिक झाले. कॅम्पच्या जागेवर फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित वसले. तेच आजचं गांधीनगर.

हा प्रश्न आजही का महत्त्वाचा?

अमेरिकेने ग्वांतानामोत २२ उइगर मुस्लिमांना डांबलं होतं. ते निर्दोष असल्याचं मान्य झालं, पण चीनमध्ये छळाचा धोका होता आणि चीनच्या रोषामुळे अनेक देश त्यांना घ्यायला तयार नव्हते. खुद्द अमेरिकेनेही त्यांना आपल्या भूमीवर वसवलं नाही. २००६ मध्ये पाच जणांना अल्बेनियाने घेतलं. शेवटचे तिघे २०१३ मध्ये स्लोव्हाकियाला गेले.

तुरुंगाचं दार उघडलं तरी राहायला जागा देणारं कुणीतरी लागतं. वळिवड्याने ती पाच वर्षं दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, तेव्हा ही आठवण पुन्हा चर्चेत आली.