लंडन–ब्रायटन मोटारफेरी

इंग्लंडमधील अतिजुन्या मोटारींची वार्षिक फेरी. मोटारीपुढे माणूस चालत ठेवण्याची सक्ती १८९६ च्या कायद्याने संपली; त्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी पहिली फेरी निघाली. १९२७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, सूर्योदयाला, १९०५ पूर्वी बनलेल्या गाड्या लंडनच्या हाइड पार्कमधून ब्रायटनकडे सुटतात. ही शर्यत नव्हे. क्रमांक काढले जात नाहीत. प्रदर्शनात चकचकीत उभी असलेली गाडी इथे सुमारे ९६ किमी धावते आणि तिचे खरे मोल तिथेच कळते: उघडी आसने, काहींना चाकाऐवजी दांड्याचे सुकाणू, काही वाफेवर चालणाऱ्या. चढावर कधीकधी प्रवासी उतरून गाडी ढकलतात. १९५३ च्या ‘जेनेव्हीव्ह’ चित्रपटाने फेरीची कीर्ती वाढवली.