समस्थिती

बाह्य परिस्थिती बदलत असतानाही शरीरातील तापमान, आम्लता, पाणी, क्षार व शर्करा यांचे प्रमाण ठरावीक मर्यादेत राखण्याच्या सजीवांच्या क्षमतेस समस्थिती असे म्हणतात. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात आंतरिक पर्यावरणाची संकल्पना मांडली. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये या क्रियेस नाव दिले.

यंत्रणा

ग्राही पेशी बदल टिपतात, नियंत्रण केंद्र त्याची तुलना इष्ट पातळीशी करते आणि स्नायू किंवा ग्रंथी तो बदल रोखतात. यास ऋण प्रतिसंभरण म्हणतात. मानवी शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश से. आणि रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ यांदरम्यान राहतो.

गोड्या पाण्यातील मासे

गोड्या पाण्यातील माशांच्या रक्तात सभोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात. त्यामुळे परासरणाने कल्ल्यांतून पाणी सतत शरीरात शिरते व क्षार बाहेर झिरपतात. मूत्रपिंडे भरपूर विरल मूत्राद्वारे जादा पाणी बाहेर टाकतात. कल्ल्यांतील विशिष्ट पेशी ऊर्जा खर्चून पाण्यातील क्षार शोषून घेतात. श्वसन आणि अमोनियाचे उत्सर्जनही प्रामुख्याने कल्ल्यांतूनच होते.

पवना व इंद्रायणी

पवना नदी पिंपरी-चिंचवड शहरातून वाहते, तर इंद्रायणी हे शहर व चाकण औद्योगिक पट्टा यांच्या दरम्यानून वाहते. दोन्ही नद्यांना सांडपाण्याच्या प्रदूषणाची झळ बसली असून आळंदी येथे इंद्रायणीवर फेस आल्याचे वारंवार दिसून आले आहे. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना जीवाणू पाण्यातील प्राणवायू वापरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणानुसार वन्यजीव व मत्स्यसंवर्धनासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम असावा लागतो.

प्राणवायू घटला की मासा कल्ल्यांवरून अधिक पाणी खेळवतो. परंतु त्यामुळे क्षारांचा ऱ्हासही वाढू शकतो. पाण्यात अमोनिया साचल्यास शरीरातील अमोनिया बाहेर पडणे अवघड होते, तर अपमार्जकांमुळे कल्ल्यांच्या नाजूक ऊतींना इजा होते. अशा प्रकारे एक समतोल सावरताना दुसरा ढळतो आणि भरपाईची मर्यादा ओलांडली गेल्यास मासा दगावतो.

दख्खनी महाशीर (टॉर खुद्री) या माशाचे वर्णन डब्ल्यू. एच. साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या नदीतील नमुन्यांवरून केले. देहू येथील इंद्रायणीच्या डोहात या माशांना भाविकांचे पारंपरिक संरक्षण लाभले. मासेमारीपासून असे संरक्षण मिळाले, तरी पाण्याची गुणवत्ता राखल्याशिवाय माशांची समस्थिती टिकू शकत नाही.