कॉफीच्या दाण्याचें गांव

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांत पाथर्डी तालुका आहे आणि त्या तालुक्यांत मढी हें गांव आहे. तेथील गडावर कानिफनाथांची समाधि असून होळीपासून पाडव्यापर्यंत तेथें मोठी यात्रा भरते. याच स्थानाची नोंद जुन्या गॅझेटियरमध्यें शाह रमजान माही सवार या नांवानें केलेली आढळते. म्हणजे एकाच समाधीपुढें लोक दोन नांवांनीं नमत आले. दक्षिणेंत चिकमगळूर जिल्ह्यांतील चंद्रद्रोण डोंगरावर असेंच एक दुहेरी नांवाचें स्थान आहे. नाथपंथीयांना गुरुस्थानीं असलेल्या दत्तात्रेयाचें तें पीठ मानलें जातें आणि बाबा बुडन या सूफी साधूचा दर्गा म्हणूनहि तें पूजिलें जातें. या दुसऱ्या नांवाशीं कॉफी पिणाऱ्या प्रत्येक घराचा संबंध पोंचतो. कारण भारतांतील कॉफीच्या लागवडीची कथा तेथून सुरू होते.

बाबा बुडन हे हजयात्रेहून परततांना येमेनमधील मोखा बंदरांतून कॉफीच्या सात बिया अंगाशीं लपवून घेऊन आले आणि त्यांनीं त्या या डोंगरावर पेरल्या, अशी परंपरागत कथा आहे. तिचा काळ १७ वें शतक मानतात. उगवूं शकेल अशी बी अरब व्यापारी देशाबाहेर जाऊं देत नसत, म्हणून ती लपवावी लागली, असें कथा सांगते. ही कथा आहे, दस्तऐवज नव्हे. परंतु कॉफीचें पेय मात्र त्याच शतकाच्या आरंभीं भारतांत परिचित होतें, याला लेखी साक्ष आहे. इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याबरोबर जहांगीर बादशहाच्या दरबारीं वावरलेला धर्मोपदेशक एडवर्ड टेरी यानें, मद्य वर्ज्य मानणारे धर्मनिष्ठ लोक एक काळी बी पाण्यांत उकळून पितात, असें नमूद केलें आहे. अरबी भाषेंत या बीला ‘बुन्न’ म्हणतात. जुन्या मराठींतील ‘बुंददाणे’ हा शब्द त्याच घराण्यांतला होय.

या आरंभकाळापासूनच एक गोष्ट ध्यानांत येते. कॉफीचें झाड मूळचें इथिओपियाच्या डोंगरांतलें; त्याची लागवड झाली येमेनच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत; परंतु जगाच्या बाजारांत माल ओळखला गेला तो मोखा या बंदराच्या नांवानें. ज्या गांवानें दाणा पिकविला त्याचें नांव वाटेंत गळालें आणि ज्या धक्क्यावरून तो गलबतांत चढला त्याचें मात्र टिकलें. भारतीय कॉफीचा पुढील इतिहास हा बव्हंशीं दाण्याचें गांव हरवण्याचा व तें पुन्हा सांपडण्याचा इतिहास आहे. घरीं कोणता दाणा आणावा, असा प्रश्न आज सुशिक्षित कुटुंबांना पडूं लागला आहे. परंतु तो प्रश्न विचारण्याचा अधिकारच मुळीं अलीकडे हातीं आलेला आहे.

एकोणिसाव्या शतकांत इंग्रज मळेवाल्यांनीं म्हैसूर, कुर्ग व वायनाड येथील डोंगरउतारांवर मोठमोठे मळे उठविले. तेथील माल शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून युरोपास जाई. कित्येक महिन्यांच्या त्या दमट प्रवासांत हिरवा दाणा फुगे, पिवळा पडे आणि त्याचा आंबटपणा नाहींसा होई; तिकडील गिऱ्हाइकांना या बदललेल्या चवीचीच संवय जडली. १८६९ मध्यें सुएझचा कालवा उघडला, प्रवास आंखूड झाला आणि ती ओळखीची चव मिळेनाशी झाली. पुढें पश्चिम किनाऱ्यावरील वखारींत दाणे पसरून त्यांवरून पावसाळी वारे वाहूं देण्याची रीत पडली व तीच चव हेतुपुरस्सर निर्माण करण्यांत आली. ‘मॉन्सून्ड मलबार’ ती हीच. येथेंहि नांव किनाऱ्याचें उरलें, मळ्याचें नव्हे.

त्याच १८६९ सालीं सिलोनमध्यें कॉफीच्या पानांवरील तांबेरा प्रथम नोंदला गेला. या रोगानें सिलोनची कॉफी बुडाली व ते बेट चहाकडे वळलें. भारतांतहि रोग आला; परंतु येथील लागवड दाट सावलीच्या आश्रयानें आणि नव्या वाणांच्या बळावर तगून राहिली. १९२५ मध्यें बाळेहोन्नूर येथें संशोधन केंद्र सुरू झालें. तेथें निपजलेला ‘एस. ७९५’ हा अरेबिकाचा वाण आजहि अनेक मळ्यांत उभा आहे. तांबेऱ्याला दाद न देणारी रोबस्टा ही दुसरी जातहि विसाव्या शतकांत पसरली. आज भारतांतील उत्पादनांत तिचा वाटा सुमारें सत्तर टक्के आहे. अरेबिका उंचावरची, सुगंधी व किंचित् आंबट. रोबस्टा खालच्या उतारावरची, कडवट, भरदार व उत्तेजक गुणानें सुमारें दुप्पट. दाणा निवडतांना हा पहिला भेद माहीत असावा लागतो.

आतां मुंबईकडे वळावें. १९३५ सालीं कॉफीवर उपकर बसविणारा कायदा झाला आणि त्या पैशांतून कॉफीचा प्रसार करण्यासाठीं १९३६ मध्यें चर्चगेट येथें इंडिया कॉफी हाऊस उघडलें. लौकरच दुसरें महायुद्ध पेटलें, युरोपची बाजारपेठ बंद झाली व मळेवाल्यांपुढें सर्वनाश दिसूं लागला. तेव्हां सरकारनें १९४० मध्यें वटहुकूम आणि १९४२ मध्यें कायदा करून सामाईक साठ्याची पद्धत घातली. प्रत्येक मळेवाल्यानें आपला माल कॉफी बोर्डाच्या स्वाधीन करावा, बोर्डानें तो प्रतवार एकत्र करून विकावा आणि पैसे हप्त्याहप्त्यानें द्यावे, अशी ती व्यवस्था होती. तिनें लहान मळेवाला जगला, हें मान्य केलें पाहिजे. तथापि तिची किंमतहि मोठी होती. पाथर्डी तालुक्यांतून दरसाल ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाहीं: ऊस कारखान्याच्या काट्यावर चढला, कीं तो कोणत्या शेतांतला हें साखरेला आठवत नाहीं. कॉफीचें तसेंच झालें. पिकलेलींच फळें वेंचून काळजीनें वाळविणारा आणि कच्चींपक्कीं ओरबाडणारा, या दोघांचे दाणे एका प्रतीच्या ढिगांत मिसळूं लागले. प्रतीचीं नांवें, ‘ए’, ‘डबल ए’, ‘पीबेरी’, हीं मुख्यतः दाण्याचें आकारमान व घडण सांगत. चव सांगत नसत.

मराठी घरांत याच काळांत जी कॉफी रुळली ती चिकोरी मिसळलेल्या भुकटीची. दुधांत उकळून साखर, जायफळ व वेलदोडा घातलेली. तिची गोडी कोणीं नाकारूं नये. पण जायफळाच्या त्या दरवळांत दाण्याला स्वतःचें असें कांहीं बोलण्यास अवसरच नव्हता, आणि बोलावें असा दाणा बाजारांत सुटा मिळतहि नव्हता.

हें बंधन १९९२ पासून सैल होत गेलें व १९९६ मध्यें मळेवाल्याला आपला सर्व माल स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली. सुमारें अर्धशतकानंतर दाण्याला पुन्हा आपल्या मळ्याचें नांव लावतां येऊं लागलें. तिकडे अमेरिकेंत १९७४ मध्यें एर्ना क्नुट्सन या कॉफीव्यापारी बाईंनीं ‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्द रूढ केला होता. विशिष्ट भूमीच्या हवापाण्यांतून निपजणारी विशिष्ट चव, असा त्याचा मूळ अर्थ. पुढें परीक्षकांनीं चाखून शंभरांपैकीं ऐशीं वा अधिक गुण दिलेली निर्दोष कॉफी, असा त्याला व्यावहारिक अर्थ आला. भारतांत २०१९ मध्यें कुर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी व अरकू खोरें येथील अरेबिका आणि वायनाडची रोबस्टा यांना भौगोलिक मानांकन मिळालें. ज्या डोंगरावर त्या सात बिया पेरल्या गेल्या असें कथा म्हणते, त्याचें नांव अशा रीतीनें कायद्याच्या वहींत चढलें.

याच सुमारास घरोघर ठिबकयंत्र, म्हणजे बाजारांत ज्याला ‘ड्रिप कॉफी मेकर’ म्हणतात तें, दिसूं लागलें. त्याची जन्मकथा एका गृहिणीची आहे. जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं मेलिटा बेन्ट्स या बाईंनीं १९०८ मध्यें पितळी भांड्याला भोंकें पाडून त्यांत मुलाच्या वहींतील टीपकागद घातला आणि गाळरहित कॉफी केली. विजेवर चालणारें यंत्र जर्मनींतच १९५४ मध्यें ‘विगोमॅट’ या नांवानें आलें. यंत्राची क्रिया सोपी आहे: टाकींतील पाणी तापून नळीनें वर चढतें, कागदांतील भुकटीवर पडतें आणि गाळून खालच्या भांड्यांत ठिबकतें. कागद तेलकट अंश व गाळ अडवून धरतो, म्हणून पेय पातळ व नितळ उतरतें. दक्षिणेंतील पितळी वा पोलादी फिल्टरमध्यें बारीक भुकटीचा दाट अर्क मुरतो व तो दुधासाठींच असतो. यंत्रांतील कॉफी बहुधा बिनदुधाची प्यावयाची असते. सारांश, या यंत्रांत दाण्याला झांकणारें कांहींच नसतें. म्हणूनच निवडीचा प्रश्न येथें खरा होतो.

यंत्रासाठीं दाणा घेतांना चार गोष्टी पाहाव्या. पहिली, गांव आणि उंची. अरेबिका साधारणपणें १,००० ते १,५०० मीटर उंचीवर चांगली येते. पुड्यावर मळा, प्रदेश व वाण लिहिलेले असले तर विकणाऱ्याला लपविण्यासारखें कांहीं नाहीं असें समजावें. दुसरी, फळावरील संस्कार. गर काढून, आंबवून व धुऊन वाळविलेला दाणा स्वच्छ, तरतरीत चव देतो. फळासकट वाळविलेला अधिक गोड व फळांच्या वासाचा लागतो. नवख्या घरानें धुतलेल्यापासून आरंभ करावा. तिसरी, भाजणी. काळा, तेलानें चमकणारा दाणा दुधाला चालतो; ठिबकयंत्रांत तो नुसता कडू लागतो. येथें हलकी ते मध्यम, तपकिरी भाजणी योग्य. चौथी, भाजल्याची तारीख. ती ज्या पुड्यावर नाहीं तो घेऊं नये. भाजल्यावर पांचसात दिवसांनीं दाणा खुलतो व पुढील महिनाभरांत वापरलेला बरा. चिकोरीची तर या यंत्रांत गरजच नाहीं. कायद्यानें मिश्रणांत चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते आणि तिचें प्रमाण पुड्यावर छापलेलें असतें. तेवढी ओळ वाचल्यावांचून पुडा उचलूं नये.

दाणे अख्खे घ्यावे व करतेवेळीं रव्याइतके जाड दळावे. दळलेल्या भुकटीचा सुगंध फार लौकर उडून जातो. एक लिटर पाण्यास ५५ ते ६० ग्रॅम हें प्रमाण. म्हणजे दोन पेल्यांच्या ३०० मिलिलिटर पाण्याला सुमारें १८ ग्रॅम भुकटी लागते, आणि २५० ग्रॅमचा पुडा दोघांच्या घराला पंधरवडाभर पुरतो. त्याहून मोठा पुडा स्वस्त मिळाला तरी शेवटीं महागच पडतो. बोअरचें जड पाणी चांगल्या दाण्याचा तरतरीतपणा मारतें व यंत्रांत क्षार सांचवितें. म्हणून पिण्याचें गाळलेलें, फार जड नसलेलें पाणी वापरावें. तयार कॉफी यंत्राच्या तापत्या तव्यावर ठेवूं नये. ती करपट होते.

पाथर्डीच्या गर्भगिरीवर हें पीक येणार नाहीं. कॉफीला वर्षाकाठीं सुमारें १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाऊस, थंड उतार व सावली लागते, आणि हा मुलूख अवर्षणाचा. महाराष्ट्रांत कॉफीचीं झुडपें पाहावयाचीं तर अमरावती जिल्ह्यांतील चिखलदऱ्याच्या सुमारें १,१०० मीटर उंचीवर जावें लागतें. परंतु दाणा न पिकविणाऱ्या गांवांतील घराच्याहि हातीं एक गोष्ट आहे. आज पाथर्डींतहि दाणे भाजणाऱ्याकडून ताजा पुडा टपालानें मागवितां येतो. पिकलेलींच फळें वेंचावयाचीं तर एकाच झाडाकडे मजुराला पुन्हा पुन्हा जावें लागतें. त्या खेपांची मजुरी सामान्य ढिगाच्या भावांत निघत नाहीं. ती निघते केवळ तेव्हां, जेव्हां घेणारा पुड्यावरील गांवाचें नांव वाचतो आणि त्या नांवासाठीं चार पैसे अधिक मोजतो. अशीं घरें टिकलीं तर मळ्यांतील ती वेंचणी टिकेल. न टिकलीं तर कोणत्याहि वटहुकुमावांचून ते दाणे पुन्हा त्याच सामाईक ढिगांत जाऊन पडतील.