बाराबोरी की रायफल? कालव्याकाठच्या बंदुकीची गोष्ट



मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या माणसाला कधी ना कधी वाटतेच, की घरात एक बंदूक असावी. रात्री रानडुकरांचा कळप उसात शिरतो आणि सकाळी पाहावे तो चार-सहा गुंठे आडवे झालेले असतात. मग विचार सुरू होतो. पैसे तर बेताचे; घ्यावी कोणती? लांब मारणारी रायफल की साधी बाराबोरी? दुकानदाराला विचाराल तर तो किंमत सांगेल. आपण आज हाच प्रश्न इतिहासाला विचारून पाहू.

आधी दोन्हींतला फरक समजून घेऊ. बाराबोरीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्या काडतुसात छर्रे असतात आणि बार उडाला की ते पसरत जातात. रायफलीच्या नळीत आतून पेच कापलेले असतात. त्या पेचांतून गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते, म्हणून ती सरळ आणि फार दूर जाते. ‘रायफल’ हे नावच मुळी या पेचांवरून पडले. आणि ‘बारा बोर’ म्हणजे काय? एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिसे घ्या आणि त्याच्या सारख्या बारा गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोरची नळी. गुरुजी, हे गणित मुलांना फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे. एक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची होते आणि तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटर येतो.

आपल्या मुलखात बंदूक नवी नाही. मराठेशाहीत तोड्याची बंदूक सर्रास होती. पेटता तोडा कानावर टेकवायचा आणि बार काढायचा. पुढे टोपीची ठासणी आली. दारू भरा, चिंधी घाला, छर्रे टाका, गजाने ठासा. काम सावकाशीचे, पण खर्च थोडा. दारू, छर्रे आणि टोप्या सुट्या मिळत. म्हणून गरिबाच्या शेताची राखण बरीच वर्षे ठासणीनेच केली.

मग कायदा आला. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत मोठा दुष्काळ होता. त्याच १८७८ साली, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, सरकारने शस्त्रांचा कायदा केला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा झाला आणि युरोपियनांना मात्र सूट मिळाली. हा अपमान लोकांना झोंबला. १८८७ सालच्या मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव झाला.

रायफलीची भीती सरकारला विशेष होती. १८५७ चा उठाव एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांवरून भडकला होता, हे राज्यकर्ते विसरले नव्हते. लष्कराची गोळी लोकांच्या हाती पडू नये, म्हणून लष्करी मापाच्या बंदुका खाजगी माणसाला बंद केल्या. १९०७ साली ४५० बोरवर बंदी आली. ३०३ बोर तर फौजेची, तीही वर्ज्यच. म्हणून ३१५ बोरच्या शिकारी रायफली इंग्लंडातून इकडे विकायला येऊ लागल्या. स्वातंत्र्यानंतर त्याच मापाची रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात होऊ लागली. म्हणजे पाहा, गिऱ्हाईक दुकानात पाऊल टाकण्याआधीच निम्मी निवड कायद्याने करून ठेवलेली होती.

स्वराज्यात १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला आणि तो १९६२ पासून अमलात आला. पण एक जुना धागा राहिला. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि स्वसंरक्षणासाठी किंवा शिकारीच्या खेळासाठी निदान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक, यांचा उल्लेख कायद्याने नावानिशी केला. ठासणी पुरत नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, असेही लिहिले. रायफल मागणाऱ्याला मात्र सबळ कारण दाखवावे लागते.

आता आपल्या श्रीरामपूरच्या रानाकडे वळू. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. प्रवरेच्या कालव्यांनी माळरानाचे मळे केले. हरिगावला बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला, टिळकनगरला दुसरा झाला, आणि १९५० च्या सुमारास लोणीला शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी कारखाना सुरू झाला. जिथे नजर कोसभर पोचत होती तिथे पुरुषभर उंचीहून वर ऊस उभा राहिला. उसात पाणी, सावली आणि लपण. मग डुक्कर आले, आणि पुढे बिबट्याही आला.

या उसानेच आपल्या प्रश्नाचे उत्तर बदलले. रायफलीची गोळी मैलाहून अधिक जाते. आपली जमीन सपाट. गोळी अडवायला डोंगर नाही, टेकाड नाही. उसाच्या पलीकडे शेजाऱ्याची वस्ती असते, पाणी धरणारा गडी असतो, हंगामात ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या असतात आणि त्यांत मुले निजलेली असतात. बाराबोरीचा छर्रा चाळीस यार्डांपलीकडे नेम धरून मारण्याजोगा राहत नाही आणि बारीक छर्रे दोन-तीनशे यार्डांच्या आत खाली पडतात. मोठे छर्रे मात्र आणखी दूर जातात, म्हणून बाराबोरीलाही निष्काळजीपणा चालत नाही. पण दोहोंत सपाट, वस्तीच्या रानाला सोसेल अशी तीच. शिवाय रायफल महाग आणि तिचे एकेक काडतूसही महाग. खिसा, कायदा आणि जमीन, तिघांनीही कौल एकीकडेच दिला.

आणि तरीही, मंडळी, एक पान उलटायचे राहिले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. बिबट्याला तर सर्वांत कडक संरक्षण आहे आणि रानडुकरालाही परवानगीवाचून मारता येत नाही. परवाना असतो तो बंदूक बाळगण्याचा. जनावर मारण्याची परवानगी निराळी घ्यावी लागते. ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही आणि मग बंदूक घरात, मालक कोर्टात, असा प्रसंग ओढवतो. पिकाची नासाडी झाली तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो. तो वेळेत करा, पंचनामा करून घ्या.

तेव्हा बेताच्या पैशांत काय घ्यावे, याचा हिशोब नीट मांडा. बंदुकीची किंमत, काडतुसे, परवान्याचे नूतनीकरण, कुलपाची पेटी आणि तालुक्याच्या खेपा, सारे एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला कुंपण, चांगली बॅटरी आणि शेजाऱ्यांनी पाळीपाळीने केलेली राखण लिहा. बेरीज करून मग ठरवा. एवढे करूनही बंदूकच लागणार असेल, तर बाराबोरी घ्या, आणि चाप ओढण्याआधी उसाच्या पलीकडे कोण निजले आहे याची खात्री करून घ्या.