सांध्यांची झीज : चरक ते चार्न्ली

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात संधिगत वाताचे वर्णन आढळते : हवा भरलेल्या कातडी पिशवीसारखी सूज आणि सांधा पसरताना व आखडताना वेदना. व्याधी अशी प्राचीन. झिजलेला सांधा खात्रीने बदलणे मात्र विसाव्या शतकात साधले. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. ती काही वर्षांतच झिजली. १९६२ साली त्यांनी पॉलिथिलीनची वाटी बसवली आणि ती टिकली. तरीही कृत्रिम सांधा अक्षय नव्हे. म्हणून शस्त्रक्रिया अखेरीस. त्याआधी वजन आटोक्यात ठेवावे, स्नायू बळकट करावेत, झेपेल तेवढे चालावे. ‘वय झाले’ म्हणून वडीलधाऱ्यांनी अंथरूण धरल्यास सांधा अधिकच आखडतो.