खोताच्या खळ्यावरून कौन्सिल हॉलाकडे

अंजनवेलच्या गोपाळगडावर तुम्ही उभे आहात. खाली वाशिष्ठीचं मुख, पलीकडे दाभोळ. किनाऱ्यावरचा वीज प्रकल्प नजरेआड करा आणि 1938 सालच्या जानेवारीत उतरा.

तुम्ही कुणबी, गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताचं कूळ. पीक उभं असतानाच खोताचा माणूस बांधावर येऊन अभावणी करून गेला. किती पिकेल ते त्यानंच ठरवलं आणि त्यातलं निम्मं खोताच्या कोठारात गेलं. मागाहून दाणा पोचट निघाला, त्याची नोंद त्याच्या वहीत नाही. वर खोताच्या शेतावर फुकटची वेठ.

पण यंदा खाडीकाठी निराळी बातमी आहे. 1929 साली चिपळूणच्या शेतकरी परिषदेत खोतीविरुद्ध बोललेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी गेल्या 17 सप्टेंबरला मुंबई प्रांताच्या विधिमंडळात खोती मोडायचं विधेयक मांडलं. त्यासाठी आता 10 जानेवारीला मुंबईत कौन्सिल हॉलावर, म्हणजे विधिमंडळावर, मोर्चा आहे.

आगबोट गाठायला तुम्ही पडावात बसता. महारवाड्यातला एक तरुण सवयीनं अगदी कडेला, अंग चोरून बसलाय. लाटेचं पाणी त्याच्या अंगावर उडतंय.

"सरक इकडे," तुम्ही म्हणता. तो क्षणभर तुमच्याकडे बघतो, मग सरकतो.

त्याचा भाऊ परळच्या गिरणीत आहे. विणकामाची जादा पगाराची जागा त्याला मिळत नाही. तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, म्हणून इतर कामगारच त्याला खात्यात येऊ देत नाहीत. खोताची वेठ तर तुमच्या आणि त्याच्या, दोघांच्याही घरी आहे. 1935 साली येवल्यात बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. तेव्हापासून हात जोडायचे ते कुणापुढे, हा प्रश्न त्याच्या घरात रोज निघतो. "देवळाची पायरी आम्हाला बंद, कोठाराचं दार तुम्हाला बंद," तो म्हणतो, "किल्ली एकाच कमरेला."

मुंबईत हजारोंच्या गर्दीत तुम्ही खांद्याला खांदा लावून चालता. जगात जाती दोनच, श्रीमंत आणि गरीब, असं बाबासाहेब सांगतात. तुम्हाला ते पटतं. पण गावाकडे याच सोबत्याच्या ओंजळीत तुम्ही वरून पाणी ओतता, हेही आठवतं. पुढच्याच महिन्यात मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढे ते कामगारांचे दोन शत्रू सांगतील: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्यातला एकच निवडून लढायची सोय तुम्हाला नाही.

आता काळाचा वेग वाढवा. ते विधेयक मंजूर होत नाही. खोती जाते ती 1949 च्या कायद्यानं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोक बाबासाहेबांसोबत बुद्धाला शरण जातात. श्रद्धा आणि श्रमाची अशीच सांगड दूर अमेरिकेतही दिसते: 1968 साली मेम्फिसचे काळे सफाई कामगार 'मी माणूस आहे' असे फलक घेऊन संप करतात, आणि मार्टिन ल्यूथर किंग नावाचा धर्मोपदेशक त्यांच्यासाठी तिथं जाऊन जीव गमावतो.

माणसाला ताठ उभं करते ती श्रद्धा; वाकायला लावते ती वेठच. म्हणून आजही कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघाली की दोन गोष्टी एकदमच विचारायला हव्यात: पालखीला खांदा द्यायला कुणाला मज्जाव आहे, आणि जे हात शेत कसतात त्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे का? या दोन्हींचं उत्तर मिळेपर्यंत तो मोर्चा संपलेला नाही, आणि त्यात तुमची जागा आहे.