सम्प, खाजण आणि आसरा

घरात खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी ठेवायची म्हटले की तीन शब्दांशी गाठ पडते: अ‍ॅक्वेरियम, सम्प आणि रेफ्युजियम. तिन्ही परके. भाषा शिकवण्यात आयुष्य चालल्यामुळे आम्हांला पेटीआधी शब्दच उघडून पाहावेसे वाटले. लॅटिनमध्ये अ‍ॅक्वेरियम म्हणजे गुरांचा पाणवठा. सम्प हा शब्द इंग्रजीत जर्मन-डच किनाऱ्याकडून आला. त्याचा मूळ अर्थ दलदल, म्हणजे आमच्या किनाऱ्यावरच्या बोलीत खाजण. रेफ्युजियम म्हणजे आश्रयस्थान, आसरा. पाणवठा, खाजण आणि आसरा! मराठीत उतरवताच तिन्ही शब्दांचे परकेपण गळून पडते. ज्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात आगर नावाचे गाव आहे आणि आगर या शब्दाला मिठागर व बागाईत असे दोन्ही अर्थ आहेत, तिथे तर हे शब्द घरचेच वाटू लागतात. मात्र ते घरचे आहेत म्हणूनच त्यांचा इतिहास पाहताना थोडे अस्वस्थ व्हायला होते. ती अस्वस्थता नीट मांडावी, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

समुद्र घरात आणण्याची हौस तशी अलीकडची आहे. 1846 साली अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरची प्रवाळे लंडनच्या घरी नेली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहण्याचे काम घरच्या मोलकरणीकडे होते. मत्स्यपेटीच्या इतिहासातला पहिला पंप असा हाडामांसाचा होता आणि त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. 1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पती आणि जलचर एकमेकांना तोलून धरतात असा सिद्धान्त मांडला. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या 'द अ‍ॅक्वेरियम' या पुस्तकाने हा शब्द घरोघरी पोचवला.

या इतिहासात गॉस यांचे नाव सर्वांच्या तोंडी असते. आम्हांला मात्र विल्यम आल्फर्ड लॉइड अधिक महत्त्वाचे वाटतात. हॅम्बुर्ग (1864) आणि लंडनचा क्रिस्टल पॅलेस (1871) येथील मत्स्यालयांची आखणी करताना त्यांनी एक साधी पण मूलगामी गोष्ट ओळखली: जे दिसते त्याच्या कितीतरी पट पाणी न दिसणारे असले पाहिजे. दर्शनी टाक्यांच्या खाली त्यांनी मोठे, थंड, अंधारे हौद बांधले आणि पाणी अखंड खालीवर फिरत ठेवले. आजच्या घरगुती पेटीखालच्या कपाटात जो सम्प असतो, त्याचा पूर्वज हा तळघरातला हौद. लॉइड यांना अंधार हवा होता, कारण प्रकाशात शेवाळ माजते आणि शेवाळ हा त्यांच्या लेखी शत्रू होता.

पुढच्या शतकाने हा निकाल फिरवला. 1961 साली इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक आणि साधी हवा यांच्या बळावर पेटी टिकते, हे आपल्या लेखातून जगाला सांगितले. खडकाच्या सच्छिद्र पोटातले अदृश्य जीवच पाणी शुद्ध करीत होते. 1980 मध्ये वॉल्टर एडी यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत प्रवाळखडकाची एक छोटी परिसंस्था उभी केली आणि पाणी स्वच्छ राखण्याचे काम शेवाळाकडेच सोपवले. लॉइड यांच्या अंधाऱ्या हौदाचा एक कोपरा उजळला आणि त्याला रेफ्युजियम हे नाव मिळाले. कालचा शत्रू सफाईचा कारभारी झाला. साहित्याच्या इतिहासातही अशी उलथापालथ नवी नाही. एका पिढीचे तण ही पुढच्या पिढीची लागवड असते.

मुंबईत या हौसेला सार्वजनिक रूप आले ते 1951 साली मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. इमारतीला नाव लाभले ते दोन लाख रुपयांची देणगी देणाऱ्या पारशी दात्याचे. तारापोरवाला, म्हणजे तारापूरचे! डहाणूच्या दक्षिणेचे हे बंदर एका आडनावाच्या रूपाने मुंबईच्या काचेवर कोरले गेले. मुंबईच्या शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी समुद्राचे अंतरंग पहिल्यांदा पाहिले ते त्या काचेतून.

आता आराखड्याकडे वळू. कागदावर आम्ही 120 सेंटिमीटर लांब, 50 रुंद आणि 50 उंच अशी पेटी काढली. काठोकाठ भरली तर 300 लिटर. खालच्या कपाटात 90 लांब, 40 रुंद आणि 40 उंच असा सम्प बसतो. पंप चालू असताना त्यात 22 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 79 लिटर पाणी ठेवावे आणि वरचे 18 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 65 लिटरची जागा मोकळी सोडावी. ही रिकामी जागाच आराखड्याचा प्राण आहे. वीज गेली की पंप थांबतो आणि वरच्या पेटीतले पाणी सांडव्याच्या पातळीपर्यंत खाली उतरते. पातळी केवळ दोन सेंटिमीटर उतरली तरी 12 लिटर पाणी येते. नळ्यांतले पाणी वेगळे. परतीच्या नळीचे तोंड खोल बुडालेले असेल, तर तीच नळी उलटी वाहून पाणी ओढत राहते. म्हणून ते तोंड पृष्ठभागाजवळ ठेवावे किंवा नळीला हवा शिरण्यापुरते छिद्र पाडावे. एकमार्गी झडपेवर विसंबू नये. तिच्यात क्षार साचतो आणि नेमक्या वेळी ती मिटत नाही.

सम्पचे तीन कप्पे करतात. पहिल्यात सांडव्याचे पाणी पडते आणि फेस काढणारे यंत्र त्यातला सेंद्रिय मळ उपसते. मधला कप्पा रेफ्युजियमचा: तिथे दोऱ्यासारख्या समुद्रशेवाळाचा गुंता, थोडी वाळू, वर दिवा आणि संथ प्रवाह. तिसऱ्यात परतीचा पंप. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया येतो. जीवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट आणि फॉस्फेट शेवाळ शोषते. वाढलेले शेवाळ मूठभर उपटून फेकले की ते क्षार पेटीबाहेर जातात. गुंत्यात बारीक कवचधारी जीव वाढतात. मासे त्यांना तिथे गाठू शकत नाहीत. प्रवाहाबरोबर वर गेलेले मात्र त्यांचे अन्न होतात. रेफ्युजियमचा दिवा रात्री, वरचा दिवा मालवल्यावर लावतात. वनस्पती अंधारात कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पाण्याची आम्लता वाढते. खालची वनस्पती त्या वेळी जागी असली तर हा चढउतार कमी होतो. वर रात्र असताना खाली दिवस असतो, म्हणून वरच्याला सकाळ सोसवते.

उरतो मिठाचा हिशेब. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी उडते, मीठ उडत नाही. शंभरातले पाच भाग पाणी उडाले की 35 चे जवळजवळ 37 होतात. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याने घालायची, आणि पेटीतली पातळी सांडव्याने स्थिर राहत असल्याने ही घट दिसते ती फक्त सम्पच्या शेवटच्या कप्प्यात. इथे आम्हांला मिठागर आठवले. मिठागरात नेमके याच्या उलट घडवायचे असते: भरतीचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकवत उन्हाला द्यायचे आणि पाणी उडून जाण्याची वाट पाहायची. पेटीवाला ज्याला नुकसान म्हणतो, त्याला आगरी पीक म्हणतो. शास्त्र मात्र एकच, आणि ते आमच्या किनाऱ्याला क्रिस्टल पॅलेसच्या कितीतरी आधीपासून अवगत होते. गोव्याच्या खाजणशेतीत बांधातल्या दाराला मानस म्हणतात. भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. आतल्या बाजूला पाणी साठवणारे पोंय असते. सांडवा, झडप, साठा: सम्पचे सारे व्याकरण त्यात आहे.

म्हणजे आम्ही कपाटात जे बसवू पाहत होतो, ते डहाणूच्या खाडीने आधीच बांधून ठेवलेले आहे. तिवरांच्या मुळांत माशांची आणि कोळंबीची पिल्ले वाढतात. गाळ साचतो, क्षार शोषले जातात आणि जे समुद्रात दिसते ते इथे तयार होते. हा समुद्राचा न दिसणारा अर्धा भाग आहे.

माणसांनाही या भूमीने आसरा दिला आहे. संजाण इथून जवळच. 'किस्सा-ए-संजाण' हे फारसी काव्य 1600 च्या सुमारास नवसारीला रचले गेले. त्यातील परंपरा सांगते की संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी बहरोटच्या डोंगरात बारा वर्षे जपला. त्या गुहा याच पट्ट्यात आहेत. वरचे जग अंधारले असता खाली दिवा तेवत ठेवण्याची गोष्ट या भूमीला नवी नाही.

अलीकडचा इतिहास कायद्याच्या भाषेत लिहिलेला आहे. 20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. दादा धर्माधिकारींचा हा मुलगा 2019 च्या जानेवारीत निवर्तला तोपर्यंत त्या पदावर होता. याच प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवण बंदराचा प्रस्ताव नाकारला आणि याच प्राधिकरणाने 31 जुलै 2023 रोजी नव्या प्रस्तावाला सशर्त संमती दिली. 30 ऑगस्ट 2024 रोजी बंदराची पायाभरणी झाली. 76 हजार कोटींहून अधिक खर्च आणि सुमारे 1,448 हेक्टर समुद्रात भराव, असा त्याचा आवाका आहे. त्याच्या अलीकडेच, 2023 च्या सप्टेंबरात, महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा घोषित केले होते. दर्शनी पेटी सजवायची आणि सम्पची जागा भरून टाकायची, याला आराखडा म्हणत नाहीत.

बंदराच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे युक्तिवाद नाहीत असे आम्ही म्हणत नाही. खोल समुद्र, व्यापार, रोजगार ही कारणे खरी आहेत. आमचा आक्षेप हिशेबाच्या पद्धतीला आहे. मोकळी सोडलेली जागा ही वाया गेलेली जागा असे ज्या आराखड्यात धरले जाते, तो पहिल्याच वीजखंडाला जमिनीवर येतो.

आणि आक्षेप स्वतःलाही आहे. गॉस यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी 'फादर अँड सन' (1907) मध्ये एक कबुली नोंदवली आहे: वडिलांची पुस्तके वाचून किनाऱ्यावर लोटलेल्या हौशी संग्राहकांनीच ते खडकाळ डोह ओरबाडून टाकले आणि वडिलांना त्याचे फार दुःख झाले. नाश द्वेषाने झाला नाही. वाचकांच्या प्रेमाने झाला. आपल्याकडे 2001 पासून कठीण प्रवाळे आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, ते याच अनुभवाचे फलित. म्हणून आमच्या आराखड्यात जिवंत खडक नाही, प्रवाळ नाही. कोरडा दगड आहे, विकतचे समुद्रमीठ आहे आणि जीवाणू रुजेपर्यंत कित्येक आठवडे वाट पाहण्याची तयारी आहे.

मराठीत आसरा या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. विहिरीकाठी, डोहापाशी शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या साती आसरा, पाण्याच्या राखणदार. हा शब्द अप्सरेवरून आला आणि आश्रयाचा आसरा निराळ्या वाटेने आला, असे व्युत्पत्ती सांगते. पण लोकांनी दोन्हींना एकाच उच्चारात नांदवले. त्या सात जणींसाठी पाण्याचा एक कोपरा न बुजवता, न उपसता सोडायचा असतो, एवढे शहाणपण त्यात आहे. आम्ही आराखड्याच्या कागदावर मधल्या कप्प्यात रेफ्युजियम असे लिहिले होते. ते खोडून तिथे आसरा लिहिले आहे. पेटी अजून बांधलेली नाही.